बांबू आपला स्वस्त, काडी मात्र त्यांची : स्वस्त आयात लहान उद्योगाला कशी गाठते

चीनमधला बांबू आपल्या बांबूपेक्षा महाग, जवळजवळ दुप्पट भावाचा. तरीही त्या बांबूतून निघालेली उदबत्तीची काडी आपल्या काडीपेक्षा स्वस्त पडते. हे आकडे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने काही वर्षांपूर्वी मांडले होते : आपल्याकडे बांबू टनाला सरासरी ४ ते ५ हजार रुपये, चीनमध्ये ८ ते १० हजार. पण एक टन गोल काडीसाठी लागणाऱ्या बांबूचा खर्च आपल्याकडे २५ ते ४० हजार, आणि त्यांच्याकडे १२ ते १५ हजार.

स्वस्त आयातीचा विषय निघाला की आपण दोनच कारणं सांगून मोकळे होतो. तिकडे मजूर स्वस्त, नाहीतर तिकडचं सरकार पैसे ओततं. दोन्हींत तथ्य असू शकतं, पण चीनमधली मजुरी आज आपल्यापेक्षा चांगलीच जास्त आहे, आणि सरकारी मदत कच्च्या बांबूचा भाव दुप्पट असताना काडी निम्म्यावर आणू शकेल असं वाटत नाही. मग ही किमया होते कुठे? याचं उत्तर समजलं तर लहान उद्योगांवर आयातीचा मार नेमका कसा बसतो, याची निम्मी उकल होते. म्हणून आधी या काडीचाच हिशोब करू.

काडीचा हिशोब

बांबू तोडून आणला की त्याची पेरं कापायची, पेरं उभी चिरायची, पट्ट्या काढायच्या आणि त्या पट्ट्यांतून मशीनवर गोल, एकसारख्या जाडीच्या काड्या ओढायच्या. गाठी जातात, वरची साल जाते, आतला मऊ गर जातो, शेंड्याचा बारीक भाग जातो. आयोगाच्याच म्हणण्यानुसार काडीसाठी बांबूचा फक्त १६ टक्के भाग कामी येतो, बाकीचा ८४ टक्के कचरा.

आता गुणाकार करा. १ टन बांबूतून १६० किलो काडी निघत असेल, तर १ टन काडीला सव्वासहा टन बांबू लागतो. टनाला ४ हजार धरले तरी २५ हजार रुपये झाले. आपला बांबू स्वस्त आहे, पण आपण तो सव्वासहा पट विकत घेतो आणि उरलेला फेकतो, जाळतो किंवा मिळेल त्या भावाला देऊन टाकतो.

चिनी कारखान्यात काहीच फेकलं जात नाही. साल आणि भुस्सा कोळशाला जातो, पट्ट्या चटया, फळ्या, चमचे, चॉपस्टिक यांना जातात. बांबूचे पैसे या सगळ्या मालावर वाटले जातात आणि काडीच्या वाट्याला थोडेच येतात. खरं तर त्यांच्या दृष्टीने काडी हेच उरल्यासुरल्यातून निघालेलं उत्पादन असलं तरी चालतं. आपला काडीवाला एकट्या काडीवर सगळा बांबू वसूल करू पाहतो.

यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आपल्याकडे बांबूच्या कचऱ्यापासून कोळसा करून तो परदेशी विकावा म्हटलं, तर त्याच्या निर्यातीवर आपलीच बंदी होती. ती मे २०२२ मध्ये उठली, बांबू कायदेशीर ठिकाणाहून आणल्याची कागदपत्रं दाखवण्याच्या अटीवर. म्हणजे कित्येक वर्षं आपण बाहेरून येणाऱ्या काडीला दोष देत होतो आणि आपल्या काडीवाल्याला त्याचा ८४ टक्के माल बाहेर विकायची परवानगी नव्हती. त्याच्याही आधी, २०१७ च्या दुरुस्तीपर्यंत, वन कायद्यात बांबू हा ‘वृक्ष’ होता. बांधावर लावलेला बांबू तोडून नेतानासुद्धा वाहतूक परवान्याची कटकट. कोकणात माणगा जातीच्या बांबूची बेटं घराघरामागे आहेत, गडचिरोलीचं जंगल बांबूने भरलेलं आहे. कच्च्या मालाची वानवा नव्हती.

मशीन बदललं आणि गिऱ्हाईक गेलं

उदबत्ती एका छपराखाली बनत नाही. काडी एक जण करतो. कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी जिगट असा मसाला दुसरा पुरवतो. त्यातून कच्ची बत्ती वळायचं काम तिसऱ्याकडे, बहुतेक वेळा बायका घरी बसून हजाराच्या किंवा किलोच्या दराने करतात. मग ती काळी, बिनवासाची बत्ती म्हैसूर, बंगळूर, अहमदाबाद अशा ठिकाणच्या कंपन्या घेतात, सुगंधात बुडवतात, डब्यात भरतात आणि आपलं नाव लावून विकतात. चारही धंदे वेगळे, माणसं वेगळी, आणि त्यांचे फायदे-तोटेही वेगळे.

काडीसाठी पूर्वी देशभरातून मागणी त्रिपुराकडे जायची. तिथली काडी हाताने चिरलेली, थोडी चौकोनी, जाडीला कमी-जास्त. हाताने बत्ती वळणाऱ्या बाईला त्याने काही बिघडत नव्हतं. पण बत्ती वळायची स्वयंचलित मशीनं आली तशी गोल आणि तंतोतंत एका जाडीची काडी लागायला लागली. हाताची काडी मशीनच्या तोंडात अडकते. व्हिएतनाम आणि चीनची काडी नेमकी तशी होती. त्यातच २०११ मध्ये काडीवरचं आयातशुल्क ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं. गिऱ्हाईक तुटलं.

त्रिपुरातला माणूस भावात हरला असं आपण म्हणतो. भाव होताच, पण त्याच्या आधी मोजमापात हरला होता. कितीही स्वस्त दिली असती तरी ती काडी मशीनमध्ये चालली नसती. लहान उद्योगांच्या बाबतीत हे वारंवार दिसतं : पुढच्या टप्प्यावरचा गिऱ्हाईक आपली पद्धत बदलतो, त्याला लागणारा माल देशात कुणी करत नाही, आयात ती फट भरते, आणि आपल्याला ती फट दिसेपर्यंत तिकडचा पुरवठादार पक्का झालेला असतो.

पुढे काडीच काय, वळलेली कच्ची बत्तीसुद्धा बाहेरून येऊ लागली. आसियान देशांबरोबरचा व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला होता, त्यातल्या सवलतींचा लाभ व्हिएतनामच्या मालाला मिळत होता. आयोगाने २०२० मध्ये सांगितलेला आकडा असा : देशाला रोज १४९० टन उदबत्ती लागते, देशात बनते ७६० टन.

मग सरकारने दोन पावलं उचलली. ऑगस्ट २०१९ च्या शेवटी उदबत्तीची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’ केली, म्हणजे परवाना लागणार. व्यापाऱ्यांनी लगेच मोर्चा काडीकडे वळवला; बत्ती आणता येत नाही तर काडी आणू. जून २०२० मध्ये काडीवरचं शुल्क १० वरून २५ टक्के झालं.

इथे थांबून पाहा, कोण खूश आणि कोण नाराज. पहिल्या पावलाने बत्ती वळणाऱ्याला काम मिळालं. त्याला स्वस्त विदेशी काडी हवीच होती, तिच्यावरच त्याचं मशीन चालतं. दुसऱ्या पावलाने काडीवाल्याला श्वास घेता आला, पण बत्तीवाल्याचा खर्च वाढला. दोघेही लहान, दोघेही सूक्ष्म उद्योगच. ‘लहान उद्योगांना आयातीपासून वाचवा’ असं म्हणताना कोणत्या लहान उद्योगाला, हा प्रश्न कुणी विचारत नाही. एकाचा पक्का माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो.

आणि बत्ती वळणाऱ्याच्या हातात पडतं किती? आयोगाच्या त्या वर्षीच्या योजनेत मजुरीचा दर किलोला १५ रुपये धरला होता. एका स्वयंचलित मशीनवर चार जणांनी दिवसाला ८० किलो काढायचे, प्रत्येकाला ३०० रुपये. काडीचा भाव किलोमागे पाच रुपयांनी वाढला आणि पुढची कंपनी बत्तीचा भाव वाढवून द्यायला तयार नसली, तर ते पाच रुपये या पंधरांतूनच निघायची भीती असते.

बंदरातून दारापर्यंत

शुल्क वाढलं म्हणजे माल तितकाच महाग होतो असं नाही. समजा काडीचा माल न्हावाशेवा बंदरात १०० रुपयांना पोचला. १० टक्के मूळ शुल्क, आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार : १११ रुपये. शुल्क २५ टक्के झाल्यावर १२७ रुपये ५० पैसे. म्हणजे देशी काडीवाल्याला साडेसोळा रुपयांची जागा मिळाली. त्याची काडी आयातीपेक्षा ४० रुपयांनी महाग पडत असेल तर शुल्क वाढूनही तो बाहेरच राहणार. शिवाय ज्या देशाशी करार आहे तिथून मूळस्थानाचा, म्हणजे माल तिथेच बनल्याचा, दाखला घेऊन माल आला तर शुल्क कमी किंवा शून्य लागू शकतं. तिसऱ्या देशाचा माल असा दाखला लावून येऊ नये म्हणून सप्टेंबर २०२० पासून नियम कडक केलेत.

यावर एकात्मिक जीएसटी लागतो, पण तो नोंदणीकृत खरेदीदाराला पुढे वळता करून मिळतो, म्हणून मोठ्या व्यापाऱ्याला तो खर्च वाटतच नाही. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या, लहान कारखानदाराला मात्र हे क्रेडिट नाही. त्याने घेतलेल्या मालावरचा कर त्याच्या खर्चातच जाऊन बसतो.

करपद्धतीतला असा बदल किती लांब जाऊन लागतो याचं उदाहरण तयार कपड्यांचं. दक्षिण आशियाई करारामुळे बांगलादेशच्या कपड्यांना मूळ शुल्क शून्य होतं, पण जुलै २०१७ आधी त्यांच्यावर देशी उत्पादन शुल्काच्या बरोबरीचं एक शुल्क बसायचं. जीएसटी आल्यावर त्याची जागा वळत्या होणाऱ्या कराने घेतली. कुणी आयातशुल्क कमी केलं नाही, तरी आडोसा गेला. कपडे शिवणारी छोटी युनिटं त्या सुमारास जीएसटीची विवरणपत्रं भरायला शिकत होती. मे २०२५ मध्ये बांगलादेशी कपड्यांना जमिनीवरच्या नाक्यांतून प्रवेश बंद करून फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता ही बंदरं ठेवली गेली, ती व्यापाराबरोबर राजकारणाचीही गोष्ट होती.

ऑर्डर अर्धी झाली की काय होतं

आयातीमुळे कारखाना एका दिवसात बंद पडत नाही. गिऱ्हाईक कंपनीच्या खरेदीखात्यातला माणूस मोबाइलवर एक कोटेशन दाखवतो आणि म्हणतो, ‘शेठ, एवढ्याला पडतंय, तुमचं बघा.’ शेठ दोन-तीन रुपये तोडतात. पुढच्या वेळी माणूस ऑर्डरच अर्धी करतो. निम्मा माल कंटेनरने येतो आणि घाईगर्दीचा, वेड्यावाकड्या मापाचा, उद्याच्या उद्या हवा असलेला माल तेवढा शेठकडे येतो.

खरा घाव इथे बसतो. समजा शेडचं भाडं, कर्जाचा हप्ता, विजेचा स्थिर आकार आणि कायम माणसांचे पगार मिळून महिन्याला ३ लाख जातात. दहा हजार किलो माल निघत असेल तर हा बोजा किलोला ३० रुपये. ऑर्डर सहा हजारांवर आली की तोच बोजा ५० रुपये. आयात मालाचा भाव जागच्या जागी आहे, पण आपला माल आपोआप २० रुपयांनी महाग झाला. आता पुढचं कोटेशन आणखी हरायचं. विक्री घटली म्हणून बँक कॅश क्रेडिटची मर्यादा आवळते, आणि गिऱ्हाईक साठ-नव्वद दिवसांनी पैसे देतं ते वेगळंच. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि तसे न देणाऱ्याला आता आयकरात त्या वर्षी ती वजावटही मिळत नाही. पण उद्या ऑर्डर हवी असणारा माणूस कायद्याचं कलम तोंडावर फेकत नाही.

मग एक दिवस शेठ स्वतःच कंटेनर मागवतात. जुनी गिऱ्हाइकं तीच, पाटी तीच, जीएसटी क्रमांक तोच. उत्पन्न कदाचित वाढतंही, कारण मशीनची देखभाल नाही, कामगारांची कटकट नाही. बाहेरून बघणाऱ्याला उद्योग चालू दिसतो. डाय बनवणारा, सेटिंग करणारा फिटर, हातावर माल घेऊन ‘हा लॉट कच्चा आहे’ सांगणारी बाई, ही माणसं तेवढी गेलेली असतात. मला विचाराल तर स्वस्त आयातीचं सगळ्यात मोठं नुकसान बंद पडलेल्या कारखान्यांपेक्षा व्यापारी झालेल्या कारखानदारांत आहे. कारण शुल्क उद्या शंभर टक्के केलं तरी फिटर परत येत नाही.

कायद्याची हत्यारं आणि त्यांच्या वाटा

‘डंपिंग होतंय’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. कायद्यात त्याचा अर्थ नेमका आहे : परदेशी उत्पादक स्वतःच्या देशात ज्या भावाने विकतो त्यापेक्षा कमी भावाने इथे विकत असेल तर ते डंपिंग. नुसता स्वस्त माल डंपिंग ठरत नाही. काडी तिथेही स्वस्तच विकली जात असेल तर तक्रार उभी करणं अवघड. आणि तक्रार करायची तर व्यापार उपाय महासंचालनालयाकडे अर्ज करणाऱ्या उत्पादकांचा देशातल्या उत्पादनात किमान २५ टक्के वाटा हवा, आणि अर्जाबाबत भूमिका घेणाऱ्यांत पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन निम्म्याहून जास्त हवं. पोलाद किंवा रसायनांच्या दोन-चार कंपन्यांना हे एका बैठकीत जमतं. गल्लोगल्ली पसरलेल्या शेकडो काडीवाल्यांनी आपापले खर्चाचे हिशोब, तेही तपासणीला टिकतील असे, कुठून आणायचे? चौकशीला वर्ष, कधी दीड वर्ष लागतं. तोवर वर सांगितलेलं गणित आपलं काम करून गेलेलं असतं.

म्हणून लहानांसाठी सरकार दुसरा रस्ता धरतं : ठरावीक किमतीखालचा माल आणायचाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये किलोला १२९ रुपयांपेक्षा स्वस्त स्क्रूंच्या आयातीवर बंदी आली. त्याआधी जून २०२३ मध्ये २० रुपयांखालच्या सिगारेट लायटरवर. या लायटरची कथा तमिळनाडूतल्या कोविलपट्टी, सात्तूर, शिवकाशीची, जिथे काडेपेटीचा धंदा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये काडेपेटी एका रुपयावरून दोन रुपयांवर गेली होती, आणि दहा-वीस रुपयांचा एक लायटर कित्येक काडेपेट्या खातो. बंदी आल्यावर लायटर सुट्या भागांत येऊ लागले, इथे जोडायचे की झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुट्या भागांवरही बंदी घालावी लागली. एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून वाट काढतं, आणि प्रत्येक भोक सापडायला वर्ष-सव्वा वर्ष जातं.

खेळण्यांत बंदोबस्त जास्त कडक झाला. शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के, २०२३ मध्ये ७०. आणि १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाची सक्ती. आयात घटली, निर्यात वाढली, सरकार हे उदाहरण अभिमानाने सांगतं आणि ते खोटं नाही. पण तीच सक्ती इथल्या लहान खेळणीवाल्यावरही होती. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून वगळावं लागलं. नाहीतर सावंतवाडीत रंगवलेल्या लाकडी फळांनाही प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या.

कच्च्या मालावर अशी सक्ती किंवा शुल्क आलं की मात्र लहान उद्योग दोन्ही बाजूंनी सापडतो. एप्रिल २०२५ मध्ये पोलादाच्या काही सपाट मालावर २०० दिवसांसाठी १२ टक्के संरक्षण शुल्क लावलं. पोलाद कंपन्यांसाठी ते योग्य असेलही. भोसरी, सातपूर, वाळूजमध्ये पत्रा दाबून सुटे भाग करणाऱ्याचं काय? त्याचा पत्रा महागतो, आणि स्वस्त विदेशी पत्र्यातून तिकडेच बनलेला तयार भाग जुन्याच शुल्कात येतो. कच्च्या मालावर जास्त संरक्षण आणि पक्क्या मालावर कमी, या उलट्या रचनेत देशात वस्तू बनवणं हाच तोट्याचा भाग ठरतो. पॉलिएस्टरचे तंतू आणि धागे यांच्यावरचे गुणवत्ता आदेश, म्हणजे खेळण्यांसारखीच प्रमाणपत्राची सक्ती, नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने मागे घेतले, ते कापड उद्योगाच्या याच ओरडीनंतर. हे आदेश होते तोवर फायदा धागा बनवणाऱ्या मोजक्या मोठ्या कंपन्यांचा, आणि बिल विणणाऱ्या लहानांच्या नावावर.

स्वतःच्या मालाचं काय, हे कसं बघायचं

यासाठी सल्लागार लागत नाही. आपल्या मालाचा आठ आकडी एचएस कोड, म्हणजे आयात-निर्यातीतला वर्गवारी क्रमांक, कोणता, हे बिलावरून किंवा कस्टमच्या दलालाकडून कळतं. वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या कोडखाली कोणत्या देशातून किती माल किती रकमेचा आला याचे आकडे फुकट मिळतात. रकमेला वजनाने भागलं की आयातीचा सरासरी भाव निघतो. त्यात वर दाखवलं तसं शुल्क आणि अधिभार मिळवा, बंदरातून गोदामापर्यंतचं भाडं मिळवा.

हा भाव आपल्या विक्रीच्या भावाशी ताडू नका, आधी आपल्या कच्च्या मालाच्या खर्चाशी ताडा. पक्का आयात माल आपल्या नुसत्या कच्च्या मालापेक्षाही स्वस्त येत असेल, तर मजुरी कापून, रात्रपाळी लावून, नफा सोडून काही साधणार नाही. अशा वेळी तीनच शक्यता तपासायच्या : कच्च्या मालावरचं शुल्क उलटं बसलंय का, पलीकडचा माणूस आपण फेकतो त्याचेही पैसे करतोय का, की तो खरोखर डंपिंग करतोय. पहिल्या आणि तिसऱ्यासाठी संघटनेमार्फत दिल्लीला लिहावं लागतं, तेही ऑर्डर अर्ध्यावर येण्याआधी. दुसऱ्याचं उत्तर आपल्याच शेडच्या मागे ढीग होऊन पडलेलं असतं.

फरक दहा-पंधरा टक्क्यांचा असेल तर गोष्ट निराळी. कंटेनर भरेल इतका माल एकदम घ्यावा लागतो, आगाऊ पैसे गुंततात, दीड-दोन महिने वाट पाहावी लागते आणि लॉट खराब निघाला तर परत पाठवता येत नाही. गिऱ्हाइकाला या सगळ्याची किंमत मोजावी लागते, फक्त ती कोटेशनवर छापलेली नसते. दोनशे किलोची ऑर्डर चार दिवसांत पोचवणाऱ्याने ती किंमत आपल्या कोटेशनमध्ये आकडा करून लिहायला हरकत नाही.